इंगाबाईंचा निळा डबा

"अंगठा कुणाला दाखवतोयस रे?" आईने विचारलं.

"गाडीवाल्यांना. इथे हीच खूण आहे. थांबा, आम्हाला पुढे न्या, असा तिचा अर्थ."

"म्हणजे मदत आपण मागायची आणि वर अंगठाही त्यांनाच दाखवायचा? मग कशाला थांबतंय कुणी?"

उप्सालाच्या वेशीबाहेर, उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला आम्ही मायलेक उभे होतो. साल १९७३, ऑगस्टचा पहिला आठवडा, गुरुवारची सकाळ. अर्ध्या तासात एकही गाडी थांबली नव्हती, त्यामुळे वाद घालायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी सत्तावीस वर्षांचा होतो, तिथल्या विद्यापीठात लाकडाच्या लगद्यावर संशोधन करत होतो आणि स्वीडनबद्दल आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. आई बावन्न वर्षांची. अंगात नऊवारी लुगडं, त्यावर माझा जाडजूड स्वेटर, पायांत थोरल्या बहिणीचे कॅनव्हासचे बूट आणि काखेत एक निळा पत्र्याचा डबा.

या डब्याची हकीकत आधी सांगायला हवी. आमचं गाव नंदुरबारच्या पलीकडे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे पोस्टमास्तर होते. गावात मिशनचा लहानसा दवाखाना होता आणि दवाखान्यात सिस्टर इंगेबोर्ग नावाची स्वीडिश नर्स. एवढं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावाने तिची इंगाबाई करून टाकली. माझ्या वेळी आई दोन दिवस अडली होती. इंगाबाई सायकलवरून आल्या, त्यांनी आजीला खोलीबाहेर काढलं आणि मला या जगात आणलं. नंतर त्यांनी आईसाठी याच डब्यातून काहीबाही खाऊ पाठवला होता. डबा परत करायचा राहिला. पन्नास साली इंगाबाई मायदेशी गेल्या आणि डबा आमच्या फडताळात, सगळ्यांत वरच्या फळीवर जाऊन बसला. त्यात कधी डाळ भरली गेली नाही की साखर. लहानपणी मी एकदा त्यात गोट्या ठेवल्या, तर आईने मला उभं-आडवं घेतलं होतं.

मला स्वीडनची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा घरात रडारड झाली. एकटी आई खूश होती. त्याचं कारण दोन वर्षांनी कळलं. बहिणीने तिकीट काढून तिला महिनाभर माझ्याकडे पाठवलं, तर विमानतळावर आईसाहेबांच्या हातात हा डबा. आत डिंकाचे लाडू.

"इंगाबाईंना द्यायचेत," ती म्हणाली. "डबा रिकामा परत करत नाहीत."

इंगाबाई राहायच्या विल्हेल्मिना नावाच्या गावाच्याही पुढे, एका तळ्याकाठी. उप्सालापासून सहाशेच्या वर किलोमीटर. दर नाताळात त्यांचं कार्ड यायचं, त्यावर पत्ता होता. माझी शिष्यवृत्ती महिना संपायच्या आत धापा टाकू लागायची. दोघांनी आगगाडीने जाणं परवडण्यासारखं नव्हतं. पोस्टाने पाठवू म्हटलं, तर आई म्हणाली, "मी काय पोस्टाने आले?" आज-उद्या करता करता महिना संपत आला. येत्या मंगळवारी सकाळी तिचं परतीचं विमान होतं. शेवटी वैतागून मी म्हणालो, की असल्या प्रवासाला मी रस्त्यावर उभा राहून मिळेल त्या गाडीने फुकट जातो, तुला झेपणार आहे का ते? वाटलं, गप्प बसेल. तिने दशम्या करायला घेतल्या.

तर अशी आमची वरात रस्त्यावर उभी.

आईने डबा माझ्या हातात दिला, डोक्यावरून पदर घेतला, दोन पावलं पुढे झाली आणि येणाऱ्या गाडीला नमस्कार केला. साधासुधा नव्हे, देवळात करतात तसा, मान लववून. पहिली गाडी गेली. दुसरीही गेली, पण तिच्यातला माणूस मान वळवून बघत राहिला. तिसरा लाकडं वाहणारा रिकामा ट्रक होता. तो करकचून ब्रेक लावत पन्नास पावलांवर थांबला आणि ड्रायव्हर उडी मारून धावत आला.

"काय झालं? कुणाला लागलंय का?"

"नाही. आम्हाला उत्तरेला, सुंदस्वालकडे जायचंय."

त्याने आईकडे पाहिलं. आईने पुन्हा नमस्कार केला. तो बिचारा गोंधळला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "मग चला."

त्याचं नाव बेंग्ट. ट्रकची केबिन पुरुषभर उंच. पण आई कासोटा सावरून अशी चढली, की जणू जन्म ट्रकवरच काढलाय. बसल्याबसल्या तिने चौकशी सुरू केली. लग्न झालंय का, मुलं किती, आई कुठे असते. मी भाषांतर करत होतो. बेंग्टची आई त्याच गावात वेगळी राहते आणि तो तिला महिन्यातून एकदा भेटतो, हे कळल्यावर माझी आई त्याला जे काय बोलली, त्याचं मी भाषांतर केलं नाही. पण सूर सगळीकडे सारखाच असावा. तो मान खाली घालून म्हणाला, "येत्या रविवारी जाईन." खूश होऊन आईने त्याला दशमी दिली. मग दुसरी दिली. सुंदस्वालला उतरेपर्यंत दशम्यांची चवड अर्धी झाली होती.

"आई, आपल्याला तीन दिवस काढायचेत."

"त्याने नेलं नसतं तर तू काय खाल्लं असतंस? अंगठा?"

दुसऱ्या दिवशी एका वयस्कर जोडप्याने आम्हाला सोलेफ्तिओ गावापर्यंत घेतलं. रात्र तंबूत काढली होती, दशम्या संपल्या होत्या आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. वाटेत त्यांनी नदीकाठी गाडी थांबवली, तिथल्या लाकडी टेबलावर स्वच्छ रुमाल अंथरला, थर्मास काढला आणि एका टोपलीतून ताजे गोड पाव. बाईंनी विचारलं, "घेणार का तुम्ही?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "विचारतायत का? सांग, नको, आत्ताच झालंय."

स्वीडनमध्ये नको म्हणजे नको, हे दोन वर्षांत मला कळून चुकलं होतं. पण आई शेजारी असली, की माणूस आठ वर्षांचा होतो. मी म्हणालो, "नको, आत्ताच झालंय." बाईंनी हसून मान डोलावली आणि दोघांनी आमच्यासमोर चवीचवीने चार पाव संपवले. आई वाट बघत होती. टोपली मिटली, रुमालाची घडी झाली, तशी तिने मला कोपराने ढोसलं.

"परत नाही विचारलं?"

"नाही विचारत इथे."

"असं कसं? एकदाच?"

"एकदाच."

पुन्हा गाडीत बसल्यावर आई बराच वेळ त्या बाईंच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत राहिली. "चांगली माणसं आहेत," ती शेवटी म्हणाली, "पण कुणी शिकवलंच नाही त्यांना."

कधी गप्पा ठोकणाऱ्या शाळामास्तराची गाडी, कधी शेतकऱ्याचा टेम्पो, असं तुकड्यातुकड्याने आम्ही शनिवारी सकाळी विल्हेल्मिनाच्या पुढच्या फाट्यावर पोचलो. एक रस्ता डांबरी, एक खडीचा. आमचा खडीचा. तळ्याकाठची ती वस्ती अजून तीस किलोमीटर होती आणि त्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंनी काळपट झाडी आणि वर डासांचे थवे. दुकान होतं ते गावात मागे राहिलं, आणि शनिवारचं लवकर बंद होणारं. मी आईशी करार केला: दोन वाजेपर्यंत वाहन मिळालं तर ठीक, नाहीतर परत फिरायचं. रविवार आणि सोमवार दोन्ही दिवस परतीलाच लागले असते.

अकरा वाजले, बारा वाजले. एक ट्रॅक्टर आला आणि शंभर पावलांवर शेतात वळला.

"आई, एक लाडू दे."

"ते इंगाबाईंचे आहेत."

"पंचवीस आहेत. एक कमी झाला तर त्यांना कळणार आहे का?"

"मला कळेल."

"अगं, उपाशी मरतोय मी!"

"मरत नाहीस. तुझं मरण मी पाहिलंय एकदा, ते असं नसतं."

हे ती इतकं सहज म्हणाली, की मी विचारलंही नाही. रागच इतका आला होता. दोन वाजले. मी पाठीवर पिशवी चढवली. "चल. पलीकडे उभे राहू."

आई उठली आणि खडीच्या रस्त्याने चालू लागली.

"आई! कुठे?"

"तीस किलोमीटर ना? जाते मी चालत. तू थांब इथे."

"मंगळवारचं विमान चुकेल!"

"चुकू दे."

"एका पत्र्याच्या डब्यासाठी? त्यांना आठवतही नसेल तो!"

ती थांबली आणि वळली. तिचा चेहरा मी असा पूर्वी एकदाच पाहिला होता, आजी गेली तेव्हा. "त्यांना आठवत नसेल," ती म्हणाली. "मला आठवतोय. सत्तावीस वर्षं रोज."

मी निमूटपणे तिच्या मागे चालू लागलो. तिच्या हातातून डबा घ्यायला गेलो, तर तिने दिला नाही. अर्धा-पाऊण तास चाललो असू, तेव्हा मागून घरघर ऐकू आली. दुधाची गाडी होती, मागे कॅन खणखणत होते. आईचे दोन्ही हात डब्याला गुंतलेले. नमस्काराची सोय नव्हती. ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

गाडीवाला किरकोळ अंगाचा म्हातारा होता. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी घाईघाईने नाव आणि पत्ता सांगितला.

"सिस्टर इंगेबोर्ग?" तो म्हणाला. "माझा शेवटचा थांबा. रोज माझ्या कॅनांची झाकणं तपासते आणि रोज मला बोलणी खायला लागतात. चढा."

म्हणजे बाई जिवंत होत्या, आणि ठणठणीत होत्या. मी आईला सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. मग लगेच दुसरीच काळजी लागली. तिने पदराने डबा पुसायला घेतला तो उतरेपर्यंत.

तळ्याकाठी लाल रंगाचं लाकडी घर. मागच्या वाफ्यात गुडघाभर रबरी बूट घातलेली एक उंच म्हातारी वाकून बटाटे काढत होती. गाडीच्या आवाजाने तिने वर पाहिलं. दुधवाल्याकडे नाही, माझ्याकडे नाही; तिची नजर लुगड्यावर खिळली. हातातला बटाटा तिने टाकून दिला.

"कोन शे वं?" ती म्हणाली.

उत्तर ध्रुवाच्या इतक्या जवळ, खणखणीत अहिराणीत. मला हसू की रडू ते कळेना.

"मी गोदा, इंगाबाई. पोस्टमास्तरांची."

इंगाबाई मातीने भरलेल्या हातांनीच पुढे आल्या आणि आईचा चेहरा धरला.  मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं, "हाऊच का तो पायाळू?"

होय, मी पायाळू, पायांकडून जन्मलेला. गावात कुणाची पाठ धरली, की मला बोलावून लाथ मारायला लावायचे. तो सगळा मान या बाईंमुळे मिळालेला होता. मी वाकून नमस्कार केला.

स्वयंपाकघरात त्यांनी आम्हाला बसवलं, कॉफी चढवली. अहिराणीवरून आता त्या दवाखान्यातल्या जुन्या मराठीवर आल्या होत्या. मधूनमधून एखादा शब्द अडायचा आणि त्या बोटं हलवून तो शोधायच्या. आईने डबा टेबलावर ठेवला, पण झाकणावरचा हात काढला नाही.

"इंगाबाई, आधी माझं ऐका. हा डबा तुम्ही भरून पाठवला होता. वेलदोड्याचे टोस्ट होते त्यात."

"होते. तुला दूध येत नव्हतं. अंगात त्राण नव्हतं तुझ्या."

"मी ते खाल्ले नाहीत."

इंगाबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"सासूबाई म्हणाल्या, मिशनच्या हातचं आहे, त्यात अंडं असेल, ते पोटात गेलं तर माझ्या चुलीला शिवायचं नाही. पण त्या नुसतं म्हणाल्या हो. टाकले मीच. या हातांनी, परसामागच्या नालीत. पोर मांडीवर रडून रडून निळं पडत होतं, आणि मी त्याच्या तोंडचं नालीत टाकलं." आईने डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. "चार दिवसांनी तुम्ही विचारलंत, गोदा, आवडले का? मी तोंड वर करून सांगितलं, फार छान होते. पुढे चार वर्षं तुम्ही गावात होतात. रोज वाटायचं, डबा देऊन यावं. रिकामा देता येत नव्हता आणि भरून द्यायला तोंड नव्हतं."

सत्तावीस वर्षं मी त्या डब्याकडे बघत आलो होतो आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

इंगाबाई उठल्या, चुलीवरची कॉफी उतरवली आणि पुन्हा येऊन बसल्या.

"माले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमच्या परसामागून माझी सायकल जायची. कावळे खात होते माझे टोस्ट. वीस तरी कावळे." त्या हसल्या नाहीत. "मला राग आला, गोदा. दवाखान्यातल्या चुलीवर घामाघूम होऊन केले होते मी. दोन दिवस तुझ्या घराकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी आले तर हे पोर रडतसुद्धा नव्हतं. नुसतं पडून होतं. ती चूक माझी. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही."

आईचा हात झाकणावरून खाली आला.

"मग मी सखू गवळणीला गाठलं. म्हटलं, त्या घरी रोज शेरभर ताजं दूध घाल, मी बघते त्याचं. पण माझं नाव काढायचं नाही, नाहीतर तेही नालीत जाईल. सखू माझ्यापेक्षा हुशार. म्हणाली, बाई, मी सांगते कानबाईचा नवस आहे म्हणून."

"सखूचं दूध?" आई ताडकन उभी राहिली. "ते नवसाचं नव्हतं? वर्षभर घातलं हो तिने! मी पीत होते, मग हा पीत होता. सासूबाई दर शुक्रवारी तिची ओटी भरायच्या!"

"माहीत आहे मला. ओटीतला नारळ सखू मला आणून द्यायची."

 मग आई हसायला लागली. आजीने सोवळ्यात भरलेल्या ओटीचा नारळ मिशनच्या दवाखान्यात फुटत होता, आणि तो वर्षभर! हसता हसता ती खाली बसली, टेबलावर डोकं टेकलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. इंगाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिल्या. मी खिडकीतून तळं बघत बसलो, कारण मला दुसरीकडे कुठे बघता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने डबा उघडला. इंगाबाईंनी डिंकाचा लाडू फोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बाळंतिणीचा लाडू! एवढ्या बायका मी सोडवल्या, मला कुणी दिला नव्हता." त्यांनी लागोपाठ दोन खाल्ले. मग फळीवरून एक बरणी काढली. वेलदोड्याचा वास दरवळला. त्यांनी बशीत टोस्ट ठेवून ती आईपुढे सरकवली.

"नको," आई सवयीने म्हणाली.

"घे."

"नको हो, आत्ताच—"

"गोदा, मी खानदेशात चौदा वर्षं काढलीत. दोनदा नको म्हणून झालं तुझं. आता खा." आणि जरा थांबून म्हणाल्या, "अंडं नाही त्यात. तेव्हाही नव्हतं."

आईने टोस्ट उचलला, कॉफीत बुडवला आणि खाल्ला. शेवटच्या कणापर्यंत. इंगाबाई समोर कोपरं टेकून बघत होत्या.

"आवडला का?" त्यांनी विचारलं.

आईने तोंड पुसलं. "खरं सांगू?"

"सांग."

"वेलदोडा जरा जास्त झालाय."

इंगाबाई इतक्या मोठ्याने हसल्या, की बाहेर अजून कॅन धूत बसलेल्या दुधवाल्याने वळून पाहिलं.

रविवारी सकाळी त्यांच्या शेजाऱ्याने आम्हाला फाट्यापर्यंत सोडलं. निघताना इंगाबाईंनी निळा डबा पुन्हा आईच्या हातात ठेवला होता, जड, काठोकाठ भरलेला. आई म्हणाली, अहो, हा तर परत करायला आणला होता. तर म्हणाल्या, तुझ्या गावात चौदा वर्षं राहून रिकामा डबा देऊ का मी?

आम्ही त्याच जागी उभे राहिलो, जिथे आदल्या दिवशी भांडलो होतो. रस्ता तसाच ओस. उपाशी मी तसा नव्हतो, पण आईने खाली बसकण मारली, डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं आणि एक टोस्ट माझ्यापुढे धरला.

"इंगाबाईंनी तुला दिलेत ते," मी म्हणालो. "घरी ने. अण्णांना दे."

"खा मुकाट्याने," आई म्हणाली. "मुळात तुझ्यासाठीच दिले होते त्यांनी."